घरी बर्फाचा कारखाना आणि थर्मोडायनॅमिक्सची केटी

पत्राचा सारांश : दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावचा हा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थर्मोडायनॅमिक्समध्ये, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्रात, दोनदा नापास झालाय, म्हणून केटी (पुन्हा द्यायची परीक्षा) लागलीय. दहावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची. ‘व्याख्या सगळ्या पाठ आहेत, पण गणित समोर आलं की कुठला नियम लावायचा तेच कळत नाही. एन्ट्रॉपी तर अजून डोक्यावरूनच जाते,’ असं तो लिहितो. घरचा बर्फाचा कारखाना आहे. गणपतीत घरी गेला तेव्हा मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, एक यंत्र सुचवलं : मोटर, फ्लायव्हील (जड चाक) आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र). ‘एक किलोवॅट घेतं, तीन देतं.’ किंमत सहा लाख, निम्मे आगाऊ. वडिलांनी सगळ्यांदेखत याला विचारलं, ‘तू इंजिनिअरिंग करतोस ना, सांग, चालेल का हे?’ त्याच्या तोंडून ‘नाही’ निघालं, पण काकांनी लगेच अडवलं : ‘आपला कॉम्प्रेसर घेतो त्याच्या दुप्पट गारवा देतोच ना? मग हे का नाही?’ त्यावर याच्याकडे उत्तर नव्हतं. ‘दोन वर्षांची फी भरली,’ एवढंच वडील म्हणाले. आता तो विचारतो : कॉलेज सोडून कारखान्यातच बसू का? आणि काकांना काय सांगू?

---

तुझ्या पत्रात ‘थर्मोडायनॅमिक्स’ हा शब्द नऊ वेळा आलाय, मी मोजला. ‘बर्फ’ एकदाच, तोही घरची ओळख सांगण्यापुरता. जो विषय कॉलेजात तुला छळतोय तोच घरामागे चोवीस तास धडधडत असतो, आणि या दोघांची गाठ घालून द्यायचं कुणालाही सुचलं नाही. मास्तरांना बोल लावायचा तर त्यात मीही आले. रत्नागिरीत मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या बर्फाच्या गाड्या पाणी गाळत दारावरून जायच्या. वर्गाला कारखाना दाखवायला मात्र एकदाही नेलं नाही.

आधी काकांचा प्रश्न घेऊ. उत्तर सुचलं नाही म्हणून तू स्वतःला ढ ठरवून मोकळा झालास, पण प्रश्न खरोखर चांगला आहे. माझ्या वर्गात कुणी विचारला असता तर उरलेला तास त्यावरच घालवला असता.

एक टन बर्फाचा हिशेब मांड. पाणी ३० अंशांवर धर. ते शून्यापर्यंत उतरवायला किलोमागे साधारण १२५ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. शून्यावरच्या पाण्याचा शून्यावरचाच बर्फ करायला आणखी ३३४. लादी उणे पाचपर्यंत न्यायला वर दहाएक. सगळे मिळून ४७०, म्हणजे टनाला ४७० मेगाज्यूल. विजेचं एक युनिट ३.६ मेगाज्यूलचं, तेव्हा ही झाली १३० युनिटं. आता मीटर बघ. खरा आकडा तूच काढशील, मी सोयीसाठी टनामागे ६० युनिटं धरते. म्हणजे काका म्हणाले ते खरंच : ६० घेतली आणि १३० ची उष्णता बाहेर काढली.

पण कॉम्प्रेसरने ती १३० युनिटं तयार केलेली नाहीत, फक्त उचलून दुसरीकडे नेली. तो हमाल आहे. बंदरावरचा हमाल दोन भाकऱ्या खाऊन दिवसभर मासळीच्या टोपल्या वाहतो, म्हणून भाकरीची मासळी झाली असं कुणी म्हणत नाही. कारखान्यामागे कंडेन्सरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर, पाणी सोडलेलं असतं ना, तिथे जाऊन ओघळणाऱ्या पाण्याखाली हात धर. कोमट लागेल. त्या पाण्यावाटे, आणि थोडी मोटरच्या अंगातून, टनामागे १९० युनिटं बाहेर पडताहेत. डब्यांतल्या पाण्यातली १३० आणि मीटरवरची ६०. एक पैसा हरवला नाही, एक पैसा जास्तीचा आला नाही. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम तो हाच.

आता काका जरा हुशार असतील तर म्हणतील, मग मागे वाहून जाणाऱ्या त्या १९० वर एखादं इंजिन चालवू आणि वीज परत मिळवू. इथे पहिला नियम गप्प बसतो, त्याची काहीच हरकत नाही. हरकत दुसऱ्याची आहे. उष्णता गरमाकडून गाराकडे आपणहून घरंगळते. उलट चढवायची तर हमाली पडते, आणि चढ जितका मोठा तितकी हमाली जास्त. ब्राइन (डब्यांभोवतीचं मिठाचं पाणी) उणे १० ला आणि कंडेन्सर ४० ला असेल तर चढ ५० अंशांचा. केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, मांड : खाली २६३, वर ३१३. कितीही उत्तम यंत्र आणलं तरी १३० युनिटं हा चढ चढवायला १३० गुणिले ५० भागिले २६३, म्हणजे जेमतेम २५ युनिटं लागणारच. आणि त्या चढावरून तीच उष्णता परत खाली सोडून सर्वोत्तम इंजिनातून मिळतील किती? तीच २५. वर नेताना २५ घातली, खाली आणताना २५ मिळाली, हातात शून्य. खऱ्या यंत्रांत घर्षण असतं, पाइपांवर क्षार साचतो, तेव्हा शून्यही पदरात पडत नाही.

हा युक्तिवाद सादी कार्नो नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने १८२४ साली मांडला. गंमत अशी की उष्णता हा एक न दिसणारा द्रवपदार्थ आहे अशी त्या वेळी त्याची समजूत होती. ती चूक निघाली, पण त्यातून काढलेली मर्यादा आजही तशीच उभी आहे.

काकांच्या यंत्रात तर हमालसुद्धा नाही. मोटर फ्लायव्हील फिरवते, फ्लायव्हील अल्टरनेटर फिरवतं. फ्लायव्हील ही टाकी आहे, झरा नव्हे. पंप बंद केल्यावर टाकीतून थोडा वेळ पाणी येतं, तसं मोटर काढल्यावर दिवे थोडा वेळ पेटतात आणि बघणारे टाळ्या वाजवतात. यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पारा भरलेल्या आऱ्यांचं आपोआप फिरणारं चाक बाराव्या शतकात आपल्या भास्कराचार्यांनीही वर्णन करून ठेवलंय. पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे अशा यंत्रांचे इतके प्रस्ताव यायचे की १७७५ साली तिने ते तपासणंच बंद केलं. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा शोध म्हणून धरलाच जाणार नाही. काकांनी ‘पेटंट मिळणार आहे’ असं सांगितलं असेल तर हे कलम लक्षात ठेव.

पण हे कलम काकांच्या तोंडावर वाचून दाखवू नकोस. ते तुझ्या आईच्या बहिणीचे यजमान आहेत, पुढच्या गणपतीतही त्याच पाटावर बसायचे आहेत. शिवाय बहुतेकदा असा माणूस फसवणारा नसतो, आधीच फसलेला असतो. त्यांचे स्वतःचे पैसे अडकलेत का, हे आईकडून हळूच काढून घे. आणि बाबांना नियम सांगू नकोस, अट सांग. यंत्र आपल्या कारखान्यात आणा, आगाऊ एक रुपया नाही. सुरू करायला वीज लागली तर आपण देऊ. मग ती वायर तोडायची, बॅटरी असेल तर तीही काढायची, आणि एक किलोवॅटचे दोन हीटर लावून तीन दिवस चालू द्यायचं. तीन दिवसांत १४४ युनिटं होतात, एवढी कुठल्या खोक्यात लपवून आणता येत नाहीत. यंत्र चाललं तर पैसे देऊ. माझा अंदाज असा की यंत्र येणारच नाही, ‘पार्ट मागवलाय’ एवढाच निरोप येईल. कुणाचा अपमान न करता विषय आपोआप मिटेल. ‘पाण्यावर चालणारी मोटारसायकल’ दाखवणाऱ्यांनाही हीच अट घालावी. मला अशी पत्रं वर्षातून दोन-तीन तरी येतात.

बाबांबद्दल एक सांगते. सगळ्यांदेखत त्यांनी तुझी परीक्षा घेतली असं तू धरून चाललायस. मला ते चित्र वेगळं दिसतं. साडूला तोंडावर ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. त्यांना स्वतःला शंका होती आणि ती बोलून दाखवायला घरातलं एक शिकलेलं माणूस हवं होतं. ‘दोन वर्षांची फी’ हे वाक्य त्या क्षणीच्या हिरमोडाचं असावं. मी चुकतही असेन, तू त्यांना जास्त ओळखतोस.

आता अभ्यास. मराठी माध्यमामुळे अडतं हे तुझं म्हणणं मला अर्धंच पटतं. इंग्रजी वाक्यं समजायला वेळ लागतो, ते खरं. पण खरी अडचण अशी की या विषयातले शब्द रोजच्या वापरातले आहेत आणि अर्थ मात्र वेगळे. आपण म्हणतो, ‘आंबे जास्त खाल्ले, उष्णता झाली.’ म्हणजे उष्णता ही अंगात साठणारी वस्तू झाली. पुस्तकातली उष्णता साठत नाही. बंदरावर मासळीची आवक होते आणि बर्फाच्या खणात साठा असतो. आवक कधी खणात ठेवता येते का? उष्णता आणि कार्य ही आवक-जावक आहे, अंतर्गत ऊर्जा हा साठा. एवढं डोक्यात बसलं तर पहिल्या नियमाची निम्मी गणितं सरळ होतात.

आणि गणिताला हात घालण्याआधी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घाल. कशाचा हिशेब मांडतोयस? फक्त डब्यातल्या पाण्याचा, की ब्राइनच्या टाकीसकट, की अख्ख्या कारखान्याचा? पुस्तक ज्याला सिस्टिम म्हणतं ती म्हणजे गडग्याच्या आतली जागा. गडगा न घालता हिशेब मांडणारा आणि सातबारा न बघता कलमं लावणारा, दोघेही पुढे भांडणातच अडकतात. ‘कुठला नियम लावायचा कळत नाही’ असं तू लिहिलंस, तिथे मला वाटतं की तू गडगा न घालता थेट सूत्र शोधायला जातोस.

चिन्हांचा घोळ ही आणखी एक जागा. बारावीच्या रसायनशास्त्रात सिस्टिमवर केलेलं कार्य धन धरायला शिकवतात. इंजिनिअरिंगच्या बहुतेक पुस्तकांत सिस्टिमने केलेलं कार्य धन असतं. दोन्ही बरोबर, पण एकाच वहीत दोन्ही आली की उत्तर उलटं येतं आणि मुलगा म्हणतो मला विषयच कळत नाही. आपण कुठली पद्धत वापरतोय ते पेपराच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिही. आणि कार्नोच्या सूत्रात सेल्सिअस घालू नकोस. उणे १० तसंच घातलंस तर लागणारी ऊर्जाच ऋण निघेल आणि काका खूश होतील.

राहिली एन्ट्रॉपी. ‘एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, आवरली नाही तर खोली पसरत जाते’ हे उदाहरण मीच शेकडो मुलांना दिलंय. आता पस्तावते. खोली आवरताना कोणी उष्णता मोजत नाही, त्यामुळे त्या उदाहरणातून एकही गणित सुटत नाही. क्लाउझियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८६५ साली हे नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढे पसारा नव्हता, भागाकार होता : हललेली उष्णता भागिले ती ज्या तापमानाला हलली ते तापमान. तोच भागाकार तू तुझ्या बर्फावर कर. खालून १३० युनिटं २६३ केल्विनला निघाली : ०.४९४. वर १९० युनिटं ३१३ केल्विनला पोचली : ०.६०७. ऊर्जेची वही दोन्ही बाजूंना जुळली होती, ही जुळत नाही. ०.११३ जास्तीचे आले. आता त्या ०.११३ ला ३१३ ने गुण. ३५ येतात. आणि तुझं मीटर ६०, कमीत कमी लागणारी २५, फरक किती? ३५.

हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा नोकरीला लागून बारा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात ओट्यावर वही ठेवून केला आणि आमटी लागली. एन्ट्रॉपी म्हणजे बिलातली ती ३५ युनिटं कुठे गेली याची नोंद. घर्षणात किती, क्षार धरलेल्या कंडेन्सरमुळे किती, उष्णता वाहून नेणारा नळ्यांतला अमोनिया ब्राइनपेक्षा जास्तच थंड ठेवावा लागतो त्यापायी किती. ती पूर्ण शून्य कधीच होणार नाहीत, पण ३५ ची ३० झाली तर वर्षाकाठी बाबांचे किती पैसे वाचतील ते तू त्यांना सांगू शकशील. साडूंच्या यंत्रापेक्षा हे बरं.

बाकीचे दोन नियम फार वेळ मागत नाहीत. शून्यावा नियम थर्मामीटरवर विश्वास का ठेवायचा ते सांगतो. इतरांनंतर त्याची गरज लक्षात आली, म्हणून बिचाऱ्याला शून्य नंबर मिळाला. तिसरा निरपेक्ष शून्याबद्दलचा आहे, उणे २७३.१५ पर्यंत पोचणं अशक्य. तुझ्या कारखान्याचा त्याच्याशी संबंध नाही, पेपरात दोन मार्कांना येतो, पाठ करून टाक.

दुसऱ्या नियमासाठी मात्र पुळणीवर जाऊन बस. समोरचा समुद्र एक घनमीटर पाण्याइतका, फक्त एका अंशाने गार केला तरी एका युनिटहून जास्त ऊर्जा निघते. मग होडीचा तांडेल डिझेलला पैसे का घालतो? कारण समुद्राइतकंच सगळं गरम असेल तर उष्णता घरंगळणार कुठे? उतार हवा. लक्षद्वीपच्या कवरत्तीला तो मिळाला. वरचं पाणी कोमट, खोल समुद्रातलं गार, आणि या फरकावर २००५ पासून तिथे खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करतात. आपल्याकडे दुपारी खारे वारे आणि पहाटे मतलई वारे सुटतात तेही जमीन आणि पाण्यातल्या उताराच्या जोरावर. शिडाच्या होड्या मतलईवर बाहेर पडायच्या आणि खाऱ्यावर परत यायच्या, म्हणजे आपले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या एका उष्णता इंजिनावर बसून मासे मारायला गेलेत. एक गृहपाठही देते : देशावरचे पाहुणे ‘तुमच्या माठातलं पाणी गारच होत नाही’ म्हणून नाक मुरडतात, ते का? माठाचा दोष नाही, एवढं सांगते.

कॉलेज सोडायचं का? कारखान्यात बसणं हे कमीपणाचं मानू नकोस, आणि नापास झाल्यावरची पळवाटही मानू नकोस. तुला हातानं काम करणं आवडत असेल, वर्गात खरंच जीव रमत नसेल, तर आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात शिकलेल्याला किनाऱ्यावर काम कमी पडत नाही. पण पत्रातून मला तसं दिसलं नाही. बाकीचे विषय तू सोडवलेयस. एका विषयासाठी दोन वर्षं पाण्यात घालू नकोस, एवढं म्हणेन. पदवी झाली तर पुढे ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. वर जो हिशेब आपण मांडला तोच इतरांच्या कारखान्यात जाऊन मांडायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे, असं ते काम. घरचं बिल वाचत मोठा झालेला मुलगा त्यात मागे पडणार नाही. बाबांना वाटत असेल की मुलाने कारखाना सांभाळावा, तर दोन्ही जमेल, क्रम तेवढा बदलायचा.

म्हणून केटीच्या परीक्षेआधी दोन आठवडे घरी जा. पहिल्या दिवशी ऑपरेटरकाकांबरोबर उभा राहून सक्शन आणि डिस्चार्जचे (कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून निघणाऱ्या अमोनियाचे) दाबाचे गेज बघ. अमोनियाच्या गेजवर दाबाच्या आकड्यांशेजारी तापमानाचेही आकडे छापलेले असतात. परीक्षेत ज्या तक्त्यांना तू घाबरतोस त्यांतलाच एक रकाना तिथे काचेमागे आहे. उणे १५ ला अमोनियाचा निरपेक्ष दाब साधारण २.४ बार, ४० ला साडेपंधरा. गेज याहून एक बार कमी दाखवेल, का ते ऑपरेटरकाका सांगतील, शब्द तुझ्या पुस्तकातले नसतील एवढंच. मग आठवडाभर मीटर आणि लाद्या दोन्ही लिहून ठेव आणि माझ्या ६० च्या जागी तुझा आकडा घाल. तुझ्या शहरी मित्रांना सांग की दीड टनाच्या एसीतला ‘टन’ म्हणजे बर्फाचाच टन, एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागते तेवढी उष्णता, साडेतीन किलोवॅट. हा विषय त्यांच्याआधी तुझ्या घरात आला.

टनाला किती युनिटं निघाली ते मला कळव. आणि हात कंडेन्सरच्या पाण्याखाली धर म्हटलंय, कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज पाइपाला लावू नकोस. कंडेन्सर ४० चा असला तरी तो पाइप चांगलाच भाजतो, आणि का भाजतो तेही पुढच्या पत्रात लिही.